गुळाचा चहा शुगरवाल्यांना चालतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की घरात मधुमेह असेल तर साखरेचा चहा सोडून गुळाचा धरावा की ग्रीन टी, आणि आरोग्याला चांगला कोणता. ग्रीन टीचं नंतर बघू. आधी गुळाचं सांगते, कारण त्यावरून आमच्या घरात अजून धुसफूस चालू आहे.

मी कोल्हापूरची. सासरी ऊस, पूर्वी स्वतःचं गुऱ्हाळ होतं. त्यामुळे गुळाला नावं ठेवते म्हणून कुणी माझ्यावर धावून येऊ नये. काहिलीत रस उकळायला लागला की भेंडीचं पाणी घालून मळी काढायची, मग गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाक पाण्यात टाकून गोळी होते का बघायचा आणि चुलवाणापाशी बसलेल्या जळव्याला ओरडून जाळ कमी करायला लावायचा. हे सगळं मी नवी नवरी असताना डोळे फाडून बघितलंय. कोल्हापुरी गुळाला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे त्याचा अभिमान मलाही आहे. पण शेवटी गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, तेवढ्याच गुळात ३८० च्या आसपास. मधुमेह्याच्या रक्ताला दोन्हींतला फरक कळत नाही.

तर झालं काय, आमच्या धाकट्या भावजींनी हायवेला गुळाच्या चहाची फ्रँचायझी घेतली. बाहेर हा मोठा बोर्ड : ‘शुगर असणाऱ्यांनीही बिनधास्त प्या’. आमच्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, बरीच वर्षं शुगर आहे. घरी मी त्यांना बिनसाखरेचा चहा देते, तो ते तोंड वाकडं करून घेतात. दुकान झाल्यापासून सकाळी आंघोळ उरकली की आबा गल्ल्यावर हजर. कागदी कप एवढासा, त्यामुळे किती झाले याची मोजदाद कोण ठेवणार? शिवाय लेकाचंच दुकान, नाही कोण म्हणणार?

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आबांचं रक्त मीच काढलं. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c), जी नेहमी सातच्या आगेमागे असायची, ती नऊच्या वर. भावजींना रिपोर्ट दाखवला तर म्हणाले, “वहिनी, तुमच्या लॅबचं मशीन बिघडलंय.” दुसऱ्या लॅबमधून करून आणलं, तिथेही तेच. मग म्हणाले, लग्नसराईत आबांनी जिलेबी खाल्ली असेल. मी गप दुकानात गेले आणि त्यांच्या प्रीमिक्सची, म्हणजे चहाच्या तयार मिश्रणाची, पिशवी उलटी करून मागचे बारीक अक्षरातले घटक वाचले. पहिला गूळ, दुसरा साखर! पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, म्हणजे चहापत्ती आणि वेलची साखरेच्याही मागे. त्यावर भावजी म्हणाले, “ती चवीपुरती असते.” मीठ असतं चवीपुरतं.

दुसरा मुद्दा लोहाचा. ‘गुळात लोह असतं, चहातून पोटात जातं’ हे सगळेच सांगतात. आता चहातली टॅनिन्स, म्हणजे तुरट द्रव्यं, नेमकं काय करतात? वनस्पतीजन्य पदार्थांतलं लोह धरून ठेवतात, आतड्यातून शोषू देत नाहीत. म्हणजे गुळात जे काही थोडंबहुत लोह आहे, त्याची वाट त्याच कपातला चहा लावतो. लोह हवं म्हणून गूळ खायचा तर शेंगदाण्याबरोबर खा, वर लिंबू-आवळ्याचं काहीतरी घ्या, चहात कशाला? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा असंच म्हटलंय. आमच्याकडे हिमोग्लोबिन आठवर आलेल्या बायका येतात, त्यांना विचारलं की लोहाची गोळी कशाबरोबर घेता, तर उत्तर ठरलेलं : चहाबरोबर.

ग्रीन टी. तो आणि आपला नेहमीचा चहा एकाच झाडाचे. पान तोडल्यावर लगेच गरम वाफेने किंवा कढईत भाजून काळं पडू दिलं नाही की ग्रीन टी, काळं पडू दिलं की काळा चहा. आपली दाणेदार पत्ती म्हणजे सीटीसी, यंत्रात चिरडून, फाडून, वळवून केलेली. गुण दोन्हीकडे आहेत. ग्रीन टीचा मोठा फायदा कोणता म्हणाल तर लोक त्यात दूध-साखर घालत नाहीत. त्याने पोट उतरतं वगैरे सोडून द्या. आणि उकळतं पाणी ओतू नका, कडू होतो. नुसता गवती चहा उकळलात तर त्यात चहाच नसतो, त्यामुळे कॅफीनही नाही. रात्री घ्यायला बरा. मी स्वतः साधी सीटीसी, आलं, गवती चहाची दोन पाती, दूध नाही, साखर नाही असा घेते. आवडायला वेळ लागतो.

ज्यांना शुगर नाही त्यांनी गुळाचा चहा खुशाल प्यावा, चव मलाही आवडते. फक्त गूळ दुधाबरोबर उकळू नका, दूध फाटतं. गॅस बंद करून मग घालायचा. आणि शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर माझं वाचून परस्पर काही बदलू नका, डॉक्टरांशी बोला.

इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर एकदम उतरली, घाम फुटून हातपाय थरथरायला लागले तर घरात पहिलं काय शोधतात? साखर नाहीतर गुळाचा खडा, आणि माणूस थोड्या वेळात सावरतो. गुळाने शुगर वाढत नसेल तर तो सावरतो कसा, हे मी भावजींना दिवाळीत सगळ्यांसमोर विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही आणि बोर्डही उतरलेला नाही.