दारावरचं मोबाइल तिकीट

प्रश्न : आमच्या हौशी मंडळाच्या नाटकाची तिकिटं यंदा क्यूआर कोडची आहेत. ६०० खुर्च्या, दोन दारं. दारावर काय तयारी ठेवावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बरीच वर्षं मी नाटकांच्या दारावर उभी राहते आहे, म्हणून आधी नेटवर्कचं सांगते. गर्दी जमली की रेंज दगा देते. तिकिटांची यादी आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून घ्या. पण नेट नसताना एका फोनवर तपासलेलं तिकीट दुसऱ्या फोनला कळत नाही. एकाच तिकिटाचे दोन स्क्रीनशॉट दोन दारांनी आत येतात. आमच्याकडे एकदा तसंच झालं. एका खुर्चीवरून दोन कुटुंबं भांडत होती आणि त्यांतल्या आजी पडदा उघडेपर्यंत उभ्याच होत्या. फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी दारं रांगांप्रमाणे वाटते. ए ते जे डावीकडून, बाकीच्या उजवीकडून. आपल्या दाराचं नसेल ते तिकीट तपासायचंच नाही.

एका माणसाला पाच सेकंद धरले तरी ३०० जणांना २५ मिनिटं लागतात. तेव्हा तिसऱ्या घंटेच्या किमान पाऊण तास आधी दार उघडा. पॉवर बँक जवळ असू द्या, आणि नावांची छापील यादीही. फोन बंद पडलेल्या प्रेक्षकाला परत पाठवू नका.