बी.एस्सी. फिजिक्स, क्वांटम आणि डीआरडीओ: एका वडिलांच्या पत्राला उत्तर

संगमनेर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला, विषय फिजिक्स. 'डीआरडीओने क्वांटम प्रोसेसर तयार केला' अशी बातमी वाचल्यापासून (डीआरडीओ म्हणजे देशाची संरक्षण संशोधन संस्था) तिच्या डोक्यात एकच आहे: काम करायचं तर तिथेच. वडिलांचा जीव मात्र टांगणीला लागलाय. इंजिनिअरिंगला घातलं नाही म्हणून ते दार बंद झालं का? तालुक्यात नव्याने निघालेला एक क्लास 'डीआरडीओ मान्यताप्राप्त ड्रोन व एआय डिप्लोमा' ८० हजारांत देतोय, तो करावा का? आणि तिच्या आईचं म्हणणं, 'मुलीच्या जातीने बॉम्बगोळ्यांच्या कामात कशाला पडायचं?'

स.न.वि.वि.

आधी पैशांचं बोलू. त्या क्लासला एक रुपयाही देऊ नका. डीआरडीओची शास्त्रज्ञ पदाची भरती त्यांच्या आरएसी या मंडळामार्फत होते. तिथे पदवी, गेट या राष्ट्रीय परीक्षेचा स्कोअर आणि मग मुलाखत असा हिशेब असतो, खासगी डिप्लोम्याला वजन नाही. 'मान्यताप्राप्त' म्हणतात ना, मग मान्यतेचं पत्र दाखवा म्हणावं. ड्रोन उडवण्याचं प्रमाणपत्र हवं असेल, तर ते डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाने मान्यता दिलेल्या संस्थेतून मिळतं आणि शेतात फवारणीचा धंदा करणाऱ्याला ते उपयोगीही पडतं. पण तुमच्या मुलीला ड्रोन उडवायचा नाहीये.

आता त्या बातमीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे. गोष्ट ऑगस्ट २०२४ची. ६ क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातलं माहितीचं मूळ एकक. मथळ्यात डीआरडीओ आलं, पण काम तिघांचं होतं. क्युबिटचं डिझाइन झालं आणि ते घडवले गेले मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये. ते चालवण्याची आणि मोजण्याची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जुळवली पुण्याच्या डीआरडीओ यंग सायंटिस्ट लॅबोरेटरीने. काही उपकरणं बाजारातली, काही बोर्ड स्वतः प्रोग्राम केलेले. आणि लांब बसून प्रोग्राम पाठवता यावा, उत्तर परत मिळावं, यासाठीचा क्लाउडचा भाग टीसीएसचा. एक सरकारी प्रयोगशाळा, एक संशोधन संस्था, एक कंपनी. मुलीने बातमी वाचली ती डीआरडीओची म्हणून. त्या कामात शिरायला मात्र तिला तीन दारं होती.

हे काम दिसतं कसं, तेही सांगतो. अशा, म्हणजे अतिवाहक (सुपरकंडक्टिंग) प्रकारच्या क्युबिटची चिप नखाएवढी असते. झुंबरासारख्या वरून टांगलेल्या फ्रीजच्या तळाशी ती बसवतात आणि तिथलं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा जेमतेम शंभरावा भाग. वरून बारीक कोअॅक्स केबल उतरतात, टप्प्याटप्प्यावर सिग्नल क्षीण करणारे अॅटेन्युएटर लावलेले, कारण सिग्नलबरोबर वरची उष्णता खाली झिरपली की क्युबिटची अवस्था ढासळली. केबलमधून जातात काही गिगाहर्ट्झचे मायक्रोवेव्हचे ठोके, नॅनोसेकंदांत मोजायचे. परत येणारा सिग्नल इतका क्षीण, की तो वाचण्याआधी अॅम्प्लिफायरची साखळीच लावावी लागते. ही मांडणी चालवायला कोण लागतं? व्हॅक्युम आणि क्रायोजेनिक्स (अतिथंड तापमानाचं तंत्र) कळणारा, आरएफ म्हणजे रेडिओ लहरींची सर्किटं करणारा, एफपीजीए (हवी तशी जुळवता येणारी चिप) प्रोग्राम करणारा, धातूचे पातळ थर चढवणारा, आणि आकडे आले की पायथनमध्ये त्यांचा अर्थ लावणारा. थिअरीवाला असतोच, पण तो एकटा नसतो. तुमच्या लेकीला यातलं कुठलं काम हातात घ्यायला आवडेल, हे तिला ठरवायचंय. 'क्वांटम करायचंय' एवढ्याने भागत नाही.

इंजिनिअरिंग नसल्याने दार बंद होत नाही. शास्त्रज्ञ 'बी' या पहिल्या पदासाठी फिजिक्सचे पदव्युत्तर विद्यार्थी गेटच्या फिजिक्स पेपरवर अर्ज करू शकतात. वेतन लेव्हल १०, म्हणजे मूळ पगार ५६,१०० आणि वर भत्ते. पण खरं ते सांगायला हवं: फिजिक्सच्या जागा इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल किंवा कॉम्प्युटरच्या मानाने फार कमी निघतात, आणि जाहिरात आपल्या सोयीने येत नाही. त्या एका जाहिरातीची वाट पाहत घरात बसलेली हुशार मुलं मी पाहतो, वाईट वाटतं. वय निघून जातं आणि हातात कौशल्य काही राहत नाही.

म्हणून बाकीच्या दारांकडे नीट बघा. २०२२-२३च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीतला २५ टक्के वाटा उद्योग, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांसाठी खुला केला. डीआरडीओने आयआयटींसारख्या संस्थांमध्ये संयुक्त केंद्रं काढली आहेत. आयआयटी दिल्लीच्या अशाच केंद्रात हलकी बुलेटप्रूफ जॅकेटं तयार झाली आणि जून २०२५मध्ये हवेतून १ किलोमीटरपेक्षा जास्त अंतरावर क्वांटम पद्धतीने सुरक्षित संदेशवहन करून दाखवलं गेलं. २०१८मध्ये सुरू झालेल्या 'आयडेक्स' योजनेतून सैन्य आपली अडचण मांडतं आणि स्टार्टअपना ती सोडवायला निधी मिळतो. बंगळुरूच्या क्यूनू लॅब्जने क्वांटम सुरक्षेचं काम त्यातूनच केलं. केंद्राने एप्रिल २०२३मध्ये मंजूर केलेलं राष्ट्रीय क्वांटम मिशन ६,००३ कोटींचं आहे आणि त्यातलं सेन्सिंगचं, म्हणजे अतिसूक्ष्म मोजमापाचं, केंद्र आपल्या पवईत, आयआयटी मुंबईत आहे. जीपीएस जॅम झालं तरी जहाजाला आपण कुठे आहोत हे कळावं, पाण्याखालच्या पाणबुडीचा माग लागावा, यासाठी लष्करं सेन्सिंगकडे डोळे लावून आहेत. माझं मत विचाराल तर फिजिक्सच्या मुलीसाठी कॉम्प्युटिंगपेक्षा सेन्सिंगकडे जास्त काम आहे. अशा प्रकल्पांवर ज्युनिअर रिसर्च फेलो म्हणून लागलं तर साधारण महिना ३७,००० आणि घरभाडं मिळतं, आणि काम करता करता पीएच.डी. होते.

या वर्षी काय करायचं? एम.एस्सी.साठी आयआयटींची जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायची. फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतात, परीक्षा फेब्रुवारीत. टीआयएफआरची प्रवेश परीक्षा आणि संशोधन संस्थांची जेस्टसुद्धा द्यावी, निदान पेपरचा अंदाज येतो. आयआयटी नाही मिळाली तर आकाश कोसळत नाही. पुणे विद्यापीठाचा फिजिक्स विभाग आहेच, आणि तिचा ओढा उपकरणांकडे असेल तर तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स-इन्स्ट्रुमेंटेशन विभागाची चौकशी करा. ही वाट मुलं उगाच दुर्लक्षित करतात. पुढे एम.टेक. करावंसं वाटलं, तर खडकवासल्याजवळ गिरीनगरला डीआयएटी आहे, संरक्षण खात्याचंच अभिमत विद्यापीठ. शिवाय एआयसीटीई ही तंत्रशिक्षण परिषद आणि डीआरडीओने २०२१मध्ये संरक्षण तंत्रज्ञानाचा एम.टेक. अभ्यासक्रम आणलाय, त्यातली सेन्सर आणि संदेशवहनाची शाखा तिच्या कामाची. मात्र प्रवेशाच्या अटीत फिजिक्सची एम.एस्सी. चालते का, ते त्या-त्या संस्थेच्या माहितीपत्रकात पाहूनच पुढे जा.

तुमच्या भागातल्या मुलांना एक सोय आहे आणि ती फारच थोडे वापरतात. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला उतरलं की जवळच खोडद, तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. फेब्रुवारीतल्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं. तिला घेऊन जा आणि अँटेनाबरोबर फोटो काढून परत येऊ नका. रिसीव्हर सांभाळणाऱ्या इंजिनिअरला गाठा आणि तिला विचारू द्या: आकाशातून येणारा एवढा क्षीण सिग्नल गोंगाटातून वेगळा कसा काढता? कुलाब्याच्या क्युबिटवाल्यांचं घोडं याच प्रश्नापाशी येऊन अडतं. आकाशाचं यंत्र असो की संरक्षणाचं, आरएफवर हात बसलेल्या माणसाला दोन्हीकडे मागणी आहे.

डीआरडीओच्या प्रयोगशाळा कॉलेजच्या पत्रावर विद्यार्थ्यांना प्रोजेक्टसाठीही घेतात. एम.एस्सी.ला असताना तो प्रयत्न जरूर करावा. काम गोपनीय नसलेल्या विषयांवर मिळतं आणि पुढच्या नोकरीची हमी त्यात नसते, हे आधीच लक्षात ठेवा.

आता तिच्या आईचं. टेसी थॉमस यांचं नाव त्यांनी ऐकलं असेल. अग्नी-४ क्षेपणास्त्राच्या प्रकल्पाचं नेतृत्व त्यांनी केलं. त्या मूळच्या केरळच्या, पण क्षेपणास्त्रांचं शिक्षण घेतलं ते पुण्यात, आज जिला डीआयएटी म्हणतात त्याच संस्थेत. तेव्हा मुलीच्या जातीचा मुद्दा १९८०च्या दशकातच निकालात निघालाय. पण वहिनींच्या बोलण्यात दुसराही एक मुद्दा आहे आणि तो मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. आपण केलेल्या वस्तूने माणसं मरू शकतात, हे पचवता येईल का? संरक्षण संशोधनात अंबरनाथची नौदलाच्या साहित्याची प्रयोगशाळा आहे, जॅकेटं आहेत, संदेशवहन आहे. आणि पुण्यात पाषाणला तोफा आणि रॉकेटंही आहेत. एकदा आत गेल्यावर विषय नेहमी आपल्या मर्जीने मिळेल असं नाही. या प्रश्नाचं उत्तर तिचं तिने द्यावं, आणि फॉर्म भरण्याआधी द्यावं. नको वाटलं तर टीआयएफआर किंवा आयसरसारख्या विज्ञान संस्थेत तेच फिजिक्स करता येतं.

स्वभावाचाही विचार करा. डीआरडीओत पेपर छापायला परवानगी, परदेशी जायला परवानगी, आणि दिवसभर काय केलं हे घरी सांगायची सोय नाही. शिवाय धीर लागतो. पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने अटॅग्ज या तोफेचं काम २०१३मध्ये हाती घेतलं, भारत फोर्ज आणि टाटा यांना बरोबर घेऊन. ३०७ तोफांच्या खरेदीचा करार झाला मार्च २०२५मध्ये. ज्यांनी पहिली ड्रॉइंगं केली ती मुलं तोवर चाळिशीला टेकली असतील. ज्याला दर सहा महिन्यांनी नवं काहीतरी दाखवायला लागतं, त्याने स्टार्टअपमध्ये जावं.

पुढचं पत्र मात्र तुम्ही लिहू नका, तिला लिहू द्या. तीन वर्षांतलं कुठलं प्रॅक्टिकल तिला मनापासून आवडलं आणि कुठल्या प्रॅक्टिकलचे आकडे तिने मैत्रिणीच्या जर्नलमधून उतरवले, दोन्ही खरं खरं लिहायला सांगा. त्यावरून प्रयोगाकडे वळावं, इलेक्ट्रॉनिक्सकडे की थिअरीकडे, हे मला जास्त नेमकं सांगता येईल. जॅमचा फॉर्म तोवर भरून टाका.