नाशिकमध्ये राहून संगीत करणाऱ्या तरुणाने प्रेरणा कुणाकडून घ्यावी? तुमचे आवडते संगीतकार कोण?

तुझा प्रश्न मला समजला तो असा: वय सतरा, कीबोर्ड वाजवतोस, दोन-तीन चाली स्वतः केल्या आहेस. सगळे म्हणतात रहमान ऐक, अजय-अतुल ऐक. ते ऐकून झालंय. पण मुंबई-पुण्याबाहेर, नाशिकला बसून, बघायचं कुणाकडे?

मी पेटी वाजवते. दिवसा अंबडच्या एका कारखान्यात हिशेब बघते, संध्याकाळी रियाज आणि शनिवारी भजनी मंडळाला साथ. तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे, म्हणून अरे-तुरे करते.

ज्यांच्या सुरातून शब्द ऐकू येतो, ती माणसं माझी. एवढंच माझं उत्तर आहे, पण ते मला वाचून कळलेलं नाही, चारचौघांत चूक करून कळलं.

चार वर्षांपूर्वी कार्तिकात गोदाकाठच्या एका देवळात आमचं भजन होतं. माझा हात तेव्हा नुकताच सुटला होता, बोटं नुसती पळायची. थंडी होती. पखवाजवाले आजोबा धुमेला, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या तोंडाला, कणीक थापत बसले होते. थोडी लावायची, थाप मारून बघायची, चिमूटभर काढायची, पुन्हा थाप. मी शेजारी बसून बघत होते, पण त्यांचं एवढं काय चाललंय ते मला तेव्हा उमगलं नाही. मंडळात गाणाऱ्या काकूंनी काळी तीनच्या पट्टीत तुकोबांचा अभंग धरला. त्या श्वास घ्यायला थांबल्या की मी ती जागा भरायची. छोटी तान, मग खटका, मग वरच्या सप्तकात एक चक्कर. मला वाटत होतं, काय रंग भरतेय मी! भजन संपल्यावर काकू माझ्याजवळ आल्या. पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “हात छान चालतो गं तुझा. पण माझ्या तुकोबाला बोलू दे की जरा.”

रागावल्या नव्हत्या, म्हणूनच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी माझ्या पेटीच्या सरांना सांगितलं. त्यांनी पेटी बंद करायला लावली आणि तो अभंग मला नुसता वाचायला सांगितला. मोठ्याने, चार वेळा. मग म्हणाले, “आता हेच बोटांनी म्हण.” तेव्हापासून कुठलीही ओळ वाजवायच्या आधी मी ती तोंडाने म्हणते. जोडाक्षर आलं की भात्याला किंचित झटका, दीर्घ अक्षरावर हवा धरून ठेवायची, शब्द संपला की पट्टीवरून बोट उचलायचं. हे उचलणं सगळ्यात अवघड. तुझ्या कीबोर्डला भाता नाही, पण बोट कधी उचलायचं हे तुलाही शिकावंच लागेल.

पेटीविषयी एक गोष्ट तुला माहीत असायला हवी, कारण कीबोर्डलाही ती लागू आहे. या वाद्यावर मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, पायरी उतरावी तसं उतरावं लागतं. दुसरं म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यामुळे काही सूर जागचे हललेले असतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्याच्यापेक्षा पेटीचा शुद्ध गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा भाग. कान तयार झाला की हे टोचायला लागतं. अशाच आक्षेपांमुळे १९४० साली आकाशवाणीने पेटीला बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं! म्हणजे पेटीवाल्यांची एक अख्खी पिढी रेडिओच्या दाराबाहेर राहिली.

आणि त्या काळात वाढलेले गोविंदराव पटवर्धन याच पेटीवर नाट्यपदं वाजवत, तेव्हा शब्द ऐकू यायचे. त्यांच्या एकल वादनाचं ध्वनिमुद्रण मिळव, माहीत असलेलं एखादं पद निवड आणि डोळे मिटून ऐक. तुझे ओठ आपोआप हलायला लागतील. मींड नाही ही उणीव त्यांनी लपवली नाही, कणस्वर, म्हणजे शेजारच्या सुराचे ओझरते स्पर्श, इतके नेमके ठेवले की ती जाणवतच नाही. कुमार गंधर्वांच्या कितीतरी ध्वनिमुद्रणांत तबल्यावर वसंतराव आचरेकर आणि पेटीवर गोविंदराव आहेत. तिथे तर ते अजून मोठे वाटतात, कारण कुमारजी एखादा शब्द फेकून गप्प होतात आणि गोविंदराव त्या शांततेला हात लावत नाहीत. काकूंच्या बोलण्यानंतर मी ती ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐकली, फक्त पेटी कधी वाजत नाही ते मोजत. तूही मोज.

कुमारजींचं आणखी एक सांगते. क्षयाने ऐन तारुण्यात जवळजवळ पाच वर्षं त्यांचं गाणं बंद होतं. देवासला अंथरुणावर पडून ते आसपासच्या बायकांची माळव्यातली गाणी ऐकत राहिले, आणि उठले तेव्हा ते सगळं त्यांच्या गाण्यात आलेलं होतं. लांब श्वास राहिला नव्हता, म्हणून गाण्याचे तुकडे लहान झाले आणि प्रत्येक तुकड्यात जोर आला. माझी चाल अडली की मी हातातलं वाद्य खाली ठेवते, ते त्यांच्यामुळे.

आता नाशिकचं. आपल्याकडे कोण आहे असं तू विचारतोस, तर पंचवटीत जाऊन उभा राहा. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर, ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या पंचवटीत राहिले, इथे त्यांनी रामनाम आधाराश्रम उभा केला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजेच द. वि. पलुसकर, २८ मे १९२१ रोजी नाशिकमध्येच जन्मले. वडील गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. वडिलांच्याच शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यासांनी, त्यांना घडवलं. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायले. १९५२च्या ‘बैजू बावरा’मध्ये उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी आहे, त्यात बैजूचा आवाज त्यांचा. आणि १९५५ साली, चौतीस वर्षांचे असताना, मेंदूज्वराने गेले.

चौतीस. माझ्या मोठ्या भावाचं आज तेवढं वय आहे.

त्यांची भजनं ऐक. जुन्या तबकडीवर जेमतेम साडेतीन मिनिटं मिळत. एवढ्यात अंतरे, आलाप आणि थोडी तान, सगळं बसवायचं. तरी कुठे घाई नाही. रामाच्या बालपणावरचं तुलसीदासांचं भजन घेतलं, तर ‘ठुमक’ हा शब्द ते लहान मुलाच्या पावलाएवढाच टाकतात, त्याला वजन देत नाहीत. इतकी तयारी असलेला गवई तिथे तान मारू शकला असता. मारत नाही. मी सकाळी गाडीवरून कामाला जाताना रामकुंडाकडे वळणारा रस्ता दिसला की दर वेळी मनात येतं, हा आवाज आपल्या गावात जन्मला.

पण त्याच पंचवटीची दुसरी आठवणही आहे आणि ती सोडून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी सुरू केलेला, दादासाहेब गायकवाडांनी पुढे नेलेला. छोटा दत्तात्रेय तेव्हा आठ वर्षांचा होता. आणि तिकडे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत आणखी एक, सात वर्षांचा मुलगा होता, वामन कर्डक. पुढे जो लोकशाहीर वामनदादा झाला.

वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ला जन्मले, १५ मे २००४ला गेले. लहानपणी शाळा मिळाली नाही, अक्षरओळख झाली ती मोठेपणी मुंबईत. आणि मग या माणसाने हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरून गायली. चौदा एप्रिलला आपल्या भागातल्या कुठल्याही वस्तीत जा, त्यांची गाणी ऐकू येतील, आणि गाणाऱ्या निम्म्या लोकांना ती कुणाची हे विचारावंसंही वाटणार नाही, इतकी ती त्यांची झाली आहेत. संगीतकाराने यातून काय घ्यायचं? मी असं घेतलं: चाल अशी हवी की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दुसऱ्या कडव्यात म्हणता यावी. ढोलकी आणि एक खडा आवाज, एवढ्यावर ती उभी राहिली पाहिजे. शास्त्रीय शिकणाऱ्या आमच्यासारख्यांना हे सोपं वाटतं. करून बघ. मी एका बालनाट्यासाठी तशी चाल करायला बसले, तर आठ दिवस गेले आणि दर वेळी मला कुठेतरी कोमल निषाद घालून शहाणपणा दाखवायचा मोह व्हायचा.

चाल करणाऱ्यांपैकी मी ज्यांना वही घेऊन ऐकते, ते दोघे. सुधीर फडके आणि श्रीनिवास खळे.

बाबूजींचं, म्हणजे फडक्यांचं, ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. आठवड्याला एक गाणं याप्रमाणे वर्षभर, एकूण ५६ गीतं. गदिमा लिहीत आणि बाबूजी चाल लावत. विचार कर, दर आठवड्याला नवी चाल, आणि तीही कधी राजाची, कधी नावाड्याची, कधी आईची. नाशिककराने त्यातलं शूर्पणखेचं गाणं मुद्दाम ऐकावं, कारण तो प्रसंग आपल्या पंचवटीतला. तिथे चाल आधी राक्षसीण दाखवत नाही, भुललेली बाई दाखवते. बाबूजी स्वतः पेटी घेऊन गायला बसत तेव्हाही पोटफोड्या ‘ष’ आणि शहामृगाचा ‘श’ वेगळा ऐकू येई. ही शिस्त मला आता कमी ऐकायला मिळते आणि त्याचं वाईट वाटतं.

खळेकाकांचं वेगळं. (भेटले कधीच नाहीत, पण माझ्या मनात ते काकाच आहेत.) त्यांची चाल ऐकताना वाऱ्यासारखी सहज जाते, आणि गायला बसलं की कळतं किती वळणं आहेत. तुकोबांचे अभंग त्यांनी लतादीदींसाठी बांधले, भीमसेनजींसाठीही बांधले. दोन्ही एकामागून एक ऐक. दोन अगदी वेगळे गळे, आणि प्रत्येकाला त्याच्या अंगाने चाल शिवलेली. तू चाल करतोस तेव्हा गाणार कोण आहे हे आधी विचारतोस का? मी विचारत नव्हते. सरळ माझ्या बोटांच्या सोयीची पट्टी धरायची.

अजय-अतुलना बाजूला सार असं मी सांगत नाही. ‘सैराट’साठी लॉस एंजेलिसला मोठा वाद्यवृंद वाजवून घेतला, पण नाच सुरू होतो तो हलगीवर. त्यांना गावातली वाद्यं आधी कानात मुरवून मग व्हायोलिन सुचलं, हे तिथे ऐकू येतं. तू फक्त व्हायोलिनचा आवाज कीबोर्डवर शोधत बसू नकोस. शिमग्यात, गणपतीत आपल्या नाशिक ढोलासमोर उभा राहा, अगदी जवळ, टिपरू कुठे पडतं ते बघ. दिवाळी पाडव्याच्या पहाटे पिंपळपारावर गाणं ऐकायला ये. कालिदास नाट्यगृहात नाट्यसंगीताचा कार्यक्रम असला की पुढची खुर्ची सोडून बाजूची धर, तिथून साथीदारांचे हात दिसतात. मला जे सुचलं ते बहुतेक तिथून, मोबाइलवरून कमी.

तुझ्यासाठी काम काय, तर या सगळ्यांतलं एकच गाणं निवड आणि महिनाभर तेच. आधी वाच, मग म्हण, मग वाजव, शेवटी शब्द न म्हणता वाजव आणि घरातल्या कुणालातरी ओळखायला सांग. माझी आजी पहिल्या आठवड्यात ओळखायची नाही. तिसऱ्या आठवड्यात ती स्वयंपाकघरातून पुढची ओळ म्हणाली, त्या दिवशी मी सरांना फोन केला.

सध्या मी निवृत्तिनाथांच्या एका अभंगाला चाल लावतेय. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला यात्रा असते, तोवर मंडळाकडून बसवून घ्यायची आहे. तुला माहीत असेल, मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारच अक्षरांचा. तालाचं आवर्तन तेवढंच, अक्षरं दोनने कमी. म्हणजे प्रत्येक कडव्याच्या शेवटी दोन अक्षरांची जागा रिकामी राहते. पूर्वी मी ती पेटीने भरली असती. या वेळी काकूंना म्हटलं, इथे तुम्ही थांबा आणि मीही थांबते. पखवाजवाल्या आजोबांनी तिथे एकच धा ठेवलाय. तो ‘धा’ नीट घुमावा म्हणून ते किती वेळ कणीक लावत बसतात, ते मी आता नीट बघते. दुसऱ्या कडव्यात अजून जमत नाहीये, शेवटचा शब्द ओढला जातोय. शनिवारी पुन्हा बसणार आहोत.