आईचा मार्च महिना

आपले पत्र मी दोनदा वाचले. आई आरोग्य उपकेंद्रात नर्सबाई होत्या, नोकरीचा मोठा काळ नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात गेला, आणि पाचवी ते दहावी आपल्याला आजीकडे ठेवून धाकट्या भावाला मात्र त्यांनी स्वतःजवळ ठेवले. आता वर्षश्राद्धाला भाऊ छोटी स्मरणिका काढत असून त्याच्या मजकुरातली ‘वात्सल्यमूर्ती’ आपल्याला ओळखू येत नाही. मार्च 1996 मध्ये दहावीच्या परीक्षेला आई आली नाही, हे लिहावे की गिळावे, असे आपण विचारता.

लिहावे, पण त्याआधी त्या मार्च महिन्याची दुसरी बाजू पाहावी, असे मी सुचवेन.

त्या काळी कुटुंब नियोजनाची टार्गेट्स वरून ठरून येत आणि आर्थिक वर्ष 31 मार्चला संपत असल्यामुळे, शस्त्रक्रियेच्या ‘केसेस’ आणि तांबीचे आकडे कमी भरलेल्या नर्सबाईंचे फेब्रुवारी-मार्च वरिष्ठांची बोलणी खाण्यात आणि पाड्यापाड्यावर बायकांची मनधरणी करण्यात जात. ही सक्तीची उद्दिष्टे देशभर एप्रिल 1996 मध्ये काढून टाकण्यात आली, म्हणजे आपला शेवटचा पेपर झाल्यावर काही दिवसांनी. ‘परीक्षेच्या दिवसांत तिची पत्रेसुद्धा तुटक असत’, असे आपण लिहिले आहे. त्या तुटकपणाचा काही भाग स्वभावाचा असेल, पण काही भाग कॅलेंडराचाही असावा.

डोंगराळ आणि आदिवासी भागात साधारण 3000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, त्यात मुख्यालयी राहण्याचे बंधन, म्हणजे रात्री दारावर थाप पडली की बाळंतपणासाठी निघायचे. लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहाव्यात म्हणून बर्फाच्या पॅकांची पेटी खांद्याला लावून चालायचे, आणि वस्तीवर पोहोचेपर्यंत आया शेतावर गेलेल्या असल्या तर पुन्हा यायचे. डिसेंबर 1995 मध्ये पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली, तेव्हा हे सगळे सांभाळून बूथही लावायचे. सुट्टीत भेटल्यावर आई आधी आपली नखे तपासत आणि मग जवळ घेत, असे आपण तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. मला मात्र ते वाचताना हसू आले, त्याबद्दल क्षमा असावी. स्मरणिकेत ‘प्रेमळ’ या शब्दाऐवजी ती नखे येऊ द्यावीत.

अर्थात नोकरीने सगळे माफ होते, असे मी म्हणणार नाही. मार्चनंतर एप्रिल येत होता, मे महिन्याची सुट्टी येत होती, आणि ‘तुला दूर ठेवले याचे मला वाईट वाटते’ हे वाक्य बोलायला कोणत्याही वरिष्ठाची परवानगी लागत नव्हती. ते त्या बोलल्या नाहीत. भावाला का ठेवून घेतले, हेही सांगितले नाही. ही उणीव त्यांची आहे, आणि ती लिहिल्याने त्यांचा अपमान होत नाही. मात्र फिर्याद नको. ‘त्या मार्चमध्ये आई आली नाही, मी वाट पाहिली’ एवढे एक वाक्य पुरे.

भावाशी वाद घालू नका. तो त्यांच्याबरोबर उपकेंद्राच्या गावी वाढला, आपण दुरून वाढलात; त्याला भेटलेली आई खोटी नाही. त्याने त्याची पाने लिहावीत, आपण आपली, दोघांनी आपापल्या नावाने. संपादनाची कात्री कोणाच्याही हाती नको.

वर्षश्राद्धाला अजून दीड महिना आहे. घरात बदलीचे आदेश आणि फिरतीच्या नोंदींच्या जुन्या वह्या असतील, तर त्यांवरून आई कोणत्या वर्षी कोणत्या उपकेंद्रात होत्या, याचा तक्ता करावा. मग भावाला बरोबर घेऊन त्यांतल्या एका गावी जावे आणि बाळंतपणात त्यांच्यासोबत असणारी दाई हयात असेल, तर तिच्याकडे बसावे. नर्सबाई रात्री परत आल्यावर काय बोलत, हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही, तिला असू शकते. जाताना शब्द आधी ठरवू नका, फक्त वही न्या.