निःशस्त्रीकरण की अण्वस्त्रमुक्ती?

प्रश्न असा आलाय की उत्तर कोरियाच्या बातम्यांत कधी 'निःशस्त्रीकरण' येतं, कधी 'अण्वस्त्रमुक्ती', तर दोन्ही एकच का?

नाही, अजिबात नाही. निःशस्त्रीकरण म्हणजे शस्त्रं काढून टाकणं किंवा कमी करणं, त्यात तोफा रणगाडे सगळंच आलं. उत्तर कोरियाशी बोलणी झाली ती मुख्यतः अणुबॉम्बबद्दल, त्यांच्या तोफा काढून घ्या हा त्या टेबलावरचा मुद्दा नव्हता, म्हणून तिथे अण्वस्त्रमुक्तीच बरोबर. (अणु + अस्त्र = अण्वस्त्र, 'अणवस्त्र' लिहू नका, अर्धा ण हवाच.)

पण माझ्या मते खरी गंमत नामाच्या आधीच्या षष्ठीत आहे, म्हणजे 'कुणाची' अण्वस्त्रमुक्ती? १२ जून २०१८ ला सिंगापूरला ट्रम्प आणि किम जोंग उन यांनी जो कागद सही केला त्यात 'कोरियन द्वीपकल्पाची' संपूर्ण अण्वस्त्रमुक्ती असं आहे, 'उत्तर कोरियाची' असं नाही. आपल्याकडे मात्र बरेच जण सरळ 'उत्तर कोरिया अण्वस्त्रं सोडणार' असं लिहून मोकळे होतात. द्वीपकल्प म्हटलं की दक्षिण कोरियाही आला, आणि त्याच्यावर धरलेली अमेरिकेची अणुछत्रीही आली, म्हणजे गरज पडली तर आपल्या अण्वस्त्रांनी त्याचं रक्षण करण्याची हमी. अमेरिकेने दक्षिणेत ठेवलेली अण्वस्त्रं १९९१ मध्ये काढून घेतली, तरी प्योंगयांगने, म्हणजे उत्तर कोरियाच्या सरकारने, डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्टच सांगितलं की आमची अण्वस्त्रं जाण्याआधी अमेरिकेचा अणुधोका पूर्ण गेला पाहिजे. दोन महिन्यांनी ट्रम्प आणि किम यांची हनोईची बोलणी फिसकटली, ती मुख्यतः निर्बंध किती उठवायचे आणि बदल्यात काय सोडायचं यावर, पण मुळात दोघं एकाच शब्दाचे दोन अर्थ घेऊन बसले होते हेही विसरू नका. म्हणून भाषांतर करताना हा 'चा-ची' बदलायचा नाही, प्लीज.

'निर्बंध' आणि 'बंदी' पण वेगळे ठेवा. उत्तर कोरियाच्या २००६ च्या पहिल्या अणुचाचणीनंतर संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने १७१८ क्रमांकाचा ठराव केला, त्यात घातलेली सगळी बंधनं मिळून निर्बंध, त्यातली शस्त्रविक्रीची मनाई ही बंदी.

आणि एक शब्द, ज्याचं नसणं मला फार टोचतं. 'मानवाधिकार' असो की 'मानवी हक्क', दोन्ही चालतात, मी 'मानवी हक्क' लिहितो कारण आपल्या राज्य आयोगाच्या नावातही तेच आहे. पण सिंगापूरच्या त्या कागदात यातलं एकही नाही, शोधून बघा. त्याच्या चारच वर्षं आधी, २०१४ मध्ये, मायकेल किर्बी यांच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या चौकशी आयोगाने उत्तर कोरियातल्या राजकीय कैद्यांच्या छावण्यांत ८० हजार ते १ लाख २० हजार माणसं असल्याचा अंदाज दिला होता. छावणी म्हटलं की आपल्याला सैन्याची नाहीतर पूरग्रस्तांची आठवते, त्यामुळे इथे नुसतं 'छावणी' लिहू नका, 'कैद्यांची छावणी' असं पूर्ण लिहा.