अस्वल उभं राहतं तेव्हा

प्रिय मुला,

गावच्या बचाव पथकात तुझं नाव लागलं, ऐकून फार बरं वाटलं. मोहफुलांचा हंगाम तोंडावर आलाय, त्यामागोमाग तेंदूपत्ता. म्हणून हे आत्ताच लिहितो.

एक गोष्ट पक्की धर. शिकारी जनावर स्वतःला फार जपतं. वाघाचा सुळा तुटला किंवा पंजात साळिंदराचा काटा रुतून पिकला, की त्याला शिकार जमत नाही आणि उपासमार सुरू होते. म्हणून तो आधी धमकावतो. कान मागे वळवतो, तेव्हा कानामागचे पांढरे ठिपके समोरून दिसतात. गुरगुरतो, दोन-चार उड्या घेऊन अंगावर येतो आणि थांबतो. तिथं पळालास तर तू सावज झालास. वाकू नको, बसू नको. तोंड त्याच्याकडेच ठेवून एकेक पाऊल मागे घे. जवळ पिल्लं किंवा मारलेलं जनावर असेल, तर वाघीण एवढ्यावरही ऐकेल असं समजू नको. समुद्रातला करडा रीफ शार्कही असाच इशारा देतो: कोंडीत सापडला की पाठ कमानीसारखी वाकवतो, छातीचे पर खाली सोडतो आणि अंग पिळत पोहतो. पाणबुड्याला ते कळलं नाही, तर चावा.

मला खरी काळजी अस्वलाची वाटते. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढतं. तो फुर्र-फुर्र आवाज लांबवर येतो, पण त्याच आवाजात तुझी चाहूल त्याला लागत नाही. नजर अधू, नाक तेवढं तेज. वारा उलटा असला की माणूस पाच-दहा पावलांवर आल्यावरच कळतो, आणि मग ते दचकून थेट तुटून पडतं. मागच्या पायांवर उभं राहतं ते बहुतेक वेळा वास घ्यायला, नीट बघायला. मोहाच्या दिवसांत मादीच्या पाठीवर पिल्लं असतात. नखं तीन-चार इंचांची, आणि घाव बसतो तो तोंडावर, डोक्यावर.

म्हणून फुलं वेचायला अंधारात कोणाला जाऊ देऊ नको. चांगलं उजाडल्यावर चार-पाच जणांनी मिळून निघावं, बोलत, काठी आपटत. सगळ्यांनी एकदम खाली वाकायचं नाही. एक जण उभा राहून राखण करेल. झाडावर चढून उपयोग नाही, अस्वल तुझ्याआधी चढेल. अंगावर आलंच तर पालथं पड, बोटं मानेमागे गुंफ, तोंड मातीत. ते निघून गेल्याशिवाय हलू नको.

बिबट विहिरीत पडला, की अर्धं गाव काठावर जमतं. गोंधळात, दगडांच्या माऱ्यात तो वर येण्यासाठी जीव तोडतो, आणि वर आला की समोर जो असेल त्याला ओरबाडतो. तुझं पहिलं काम गर्दी हटवणं. वनविभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर फोन करायला दुसऱ्याला सांग. वनविभागाची माणसं आली, की दोरांनी खाट खाली सोडतात, म्हणजे त्याला टेकायला जागा मिळते. रात्री शिडी लावायची ठरली, तर ती जंगलाच्या बाजूला लावावी. त्या बाजूच्या धुऱ्यावर एकही माणूस, कुत्रं किंवा बॅटरी दिसता कामा नये. उजाडेपर्यंत तिकडं कोणी फिरकणार नाही, एवढं तू बघ.

तुझा,
काका