प्रोस्टेटचं ऑपरेशन रोबोटने करावं का? जास्तीचे पैसे कशाचे, आणि कधी द्यावेत

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ६७ वर्षांचे, प्रोस्टेटचा कॅन्सर, गाठ अजून ग्रंथीच्या आतच आहे. हॉस्पिटलने रोबोटिक ऑपरेशन सुचवलंय आणि एस्टिमेट ओपन (म्हणजे मोठा छेद घेऊन, पोट उघडून केलेल्या) ऑपरेशनपेक्षा बरंच जास्त आहे. एफडी मोडायची का, असा घरात वाद चाललाय. आणि आई विचारतेय, मशीन मध्येच बंद पडलं तर?

मी बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये स्क्रब सिस्टर (ऑपरेशन चालू असताना सर्जनना हत्यारं देणारी नर्स) होते, त्यातली शेवटची रोबोटिक टीममध्ये. मी डॉक्टर नाही, त्यामुळे ऑपरेशन करावं की नाही हे सांगणार नाही. पण टेबलाशेजारी उभं राहून जे पाहिलं त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते: आधी सर्जन ठरवा. रोबोट त्यानंतर.

आईंच्या शंकेपासून सुरू करते, कारण ती अगदी रास्त आहे. रोबोट स्वतःहून काहीही करत नाही. पोटावर आठ-आठ मिलिमीटरची छिद्रं पाडून त्यातून कॅमेरा आणि हत्यारं आत जातात, ती रोबोटच्या हातांना जोडलेली असतात. सर्जन खोलीतच, थोड्या अंतरावर कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या टेबलावर, बसलेले असतात. त्यांनी बोटं हलवली की आतली हत्यारं हलतात. बोटांची थरथर गाळली जाते, चित्र मोठं आणि त्रिमितीय दिसतं, आणि हत्याराचं टोक मनगटासारखं वळतं. साध्या दुर्बिणीच्या हत्याराला ते जमत नाही. दा विंची नावाच्या रोबोट यंत्रात सर्जनने कन्सोलच्या खिडकीतून डोकं बाजूला घेतलं की आतली हत्यारं जागच्या जागी थांबतात. वीज गेली तर बॅटरी असते. आणि यंत्र खरंच अडलं, तर हत्यारं काढून, रोबोट बाजूला सारून पोट उघडायचं, याची तालीम चांगल्या टीममध्ये झालेली असते. ओपन ऑपरेशनच्या हत्यारांचा ट्रे थिएटरमध्ये तयार ठेवलेला असतो.

आता एक गोष्ट जी नातेवाइकांना कुणी सांगत नाही. कन्सोलवरचे मुख्य सर्जन त्या वेळी हात धुऊन, गाऊन घालून तयार नसतात. पेशंटजवळ असतात असिस्टंट सर्जन आणि स्क्रब सिस्टर. सक्शन करणं, क्लिप लावणं, सुई आत देणं आणि मोजून बाहेर घेणं, हत्यार बदलणं, हे सगळं टेबलाजवळचे लोक करतात. अचानक रक्त यायला लागलं तर पहिली काही मिनिटं त्यांच्याच हातात असतात. म्हणून सर्जनना विचाराच: "टेबलाजवळ कोण असणार? ते तुमच्याबरोबर नेहमी असतात का?" टीम रोजची असेल तर सगळं शांतपणे चालतं. नवी असेल तर नुसतं रोबोट जोडण्यातच खूप वेळ जातो, आणि तोवर पेशंट भुलेखाली असतो.

पैसे कशाचे घेतात? यंत्र कोट्यवधींचं, वर्षाचा देखभाल करार वेगळा. शिवाय हत्यारांना आयुष्य मोजून दिलेलं असतं. प्रत्येक हत्यारात चिप असते, ती वापर मोजते. ठरलेला आकडा संपला की हत्यार दिसायला कितीही चांगलं असो, यंत्र ते घेतच नाही. प्रत्येक केसला रोबोटच्या हातांवर घालायचे निर्जंतुक ड्रेप (प्लास्टिकची आवरणं) नवे लागतात. हा सगळा खर्च पेशंटच्या बिलात येतो. अमेरिकेत दा विंचीला २००० साली मंजुरी मिळाली आणि पुढची बरीच वर्षं या बाजारात जवळजवळ एकाच कंपनीचं राज्य होतं. आता गुरुग्राममध्ये बनलेला एसएसआय मंत्रा हा रोबोट बऱ्याच कमी किमतीत आलाय, इतरही कंपन्या उतरल्यात. एस्टिमेट घेताना कुठलं यंत्र आहे आणि हत्यारांचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय की वेगळा, हे लिहून घ्या.

आता तुमच्या कामाचा अभ्यास सांगते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला प्रोस्टेट कॅन्सरच्या ३२६ पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली, एक ओपन, एक रोबोटिक. २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पहिले निष्कर्ष आले, २०१८ मध्ये दोन वर्षांनंतरचे. रोबोटमध्ये रक्त कमी गेलं आणि पेशंट लवकर घरी गेले, हा खरा फायदा. पण ज्याची सगळ्यांना धास्ती असते, तो लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्ही गटांत सारखीच निघाली. आणि यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट: ओपन करणाऱ्या सर्जनच्या हाताखालून दीड हजारांहून जास्त ऑपरेशन्स गेली होती, तर रोबोटवाल्याच्या दोनशेच्या आसपास. मला यातून दोन्ही दिसतं. रोबोटमुळे कमी अनुभवी हातही तिथवर पोहोचतो, हे खरं. आणि मुरलेला हात रोबोटशिवाय मागे पडत नाही, हेही तितकंच खरं.

म्हणून सर्जनना थेट विचारा: प्रोस्टेटची किती ऑपरेशन्स तुम्ही स्वतः केलीत, कुठल्या पद्धतीने, गेल्या वर्षात किती? तुमच्या पेशंटपैकी किती जण वर्षभरानंतरही लघवी गळते म्हणून पॅड वापरतात? बाबांच्या बाबतीत लैंगिक क्षमतेशी संबंधित नसा वाचवता येतील का? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. मी पाहिलेले सगळ्यात चांगले सर्जन तर स्वतःहून हे आकडे सांगायचे.

भूलतज्ज्ञांना भेटताना एक नक्की सांगा: वडिलांना काचबिंदू आहे का. या ऑपरेशनमध्ये पोटात वायू भरून टेबल डोक्याकडून बरंच खाली झुकवतात, साधारण २५ ते ३० अंश, आणि पेशंट तसाच काही तास असतो. डोळ्यांतला दाब वाढतो. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा जुना त्रास असेल तर तोही लपवू नका. ऑपरेशननंतर चेहरा आणि पापण्या सुजलेल्या दिसतील, आईंना आधीच सांगून ठेवा म्हणजे त्या घाबरणार नाहीत. ती सूज उतरते.

चर्चेत खाली कुणीतरी लिहिलंय की "रोबोट म्हणजे सगळ्यात उत्तम, पित्ताशय असो की गर्भाशय". याला माझा स्पष्ट विरोध आहे. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये २०१८ साली मोठा अभ्यास आला. साडेचार वर्षांनंतर कॅन्सर न उलटलेल्या बायका ओपन गटात ९६.५ टक्के, दुर्बीण किंवा रोबोटच्या गटात ८६ टक्के. छोट्या छेदासाठी हा फरक सोसायचा का? पित्ताशयाचं साधं दुर्बिणीचं ऑपरेशन इतकं चांगलं रुळलंय की तिथे रोबोटला जास्तीचे पैसे द्यायचं कारण मला दिसत नाही. अमेरिकेतल्या दहा लाखांहून जास्त पेशंटच्या नोंदींत पित्तनलिकेला पुन्हा ऑपरेशन लागेल अशी इजा रोबोटमध्ये ०.७ टक्के आणि साध्या दुर्बिणीत ०.२ टक्के दिसली. गुडघ्याचा रोबोट हे वेगळंच यंत्र, तो हाड ठरलेल्या मापात कापायला मदत करतो. त्यावर वेगळा धागा काढा.

प्रोस्टेट मात्र ओटीपोटात खोल, हाडांच्या अरुंद जागेत असतं. रोबोटचा उपयोग असलाच तर तो अशाच जागी. त्यामुळे तुम्हाला सुचवलेली गोष्ट चुकीची नाही.

मेडिक्लेमचं बघा. इर्डाच्या (विमा नियामक संस्थेच्या) २०१९ च्या सूचनांनुसार विमा कंपनीला रोबोटिक सर्जरी सरसकट नाकारता येत नव्हती, पण रकमेची मर्यादा घालता येत होती. पॉलिसीत 'आधुनिक उपचार' हे कलम शोधा. पाच लाखांच्या पॉलिसीतही या कलमाखाली त्याहून खूप कमी रक्कम मिळू शकते. टीपीएकडून (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून) ॲडमिशनच्या आधी लेखी घ्या, डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर भांडून काही हाती लागत नाही.

आणि एफडी मोडण्याआधी रेडिएशनच्या डॉक्टरांनाही एकदा भेटा. ब्रिटनमध्ये ग्रंथीतच असलेल्या कॅन्सरच्या १,६४३ पुरुषांना नुसतं लक्ष ठेवणं, ऑपरेशन आणि रेडिएशन अशा तीन गटांत घेतलं होतं. १५ वर्षांनंतर या कॅन्सरने मृत्यू तिन्ही गटांत साधारण ३ टक्केच होते. त्यात बहुतेकांचा आजार सौम्य ते मध्यम होता, त्यामुळे वडिलांना हे कितपत लागू आहे ते ग्लीसन स्कोअर (तुकडा तपासून कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा आकडा), पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि एमआरआयवरून ठरेल. हे तीन आकडे-निष्कर्ष नाव खोडून इथे टाका. आपल्याकडे दोन युरोलॉजिस्ट सदस्य आहेत, मी त्यांना लिहायची विनंती करते. तोवर लघवी रोखण्याच्या स्नायूंचे व्यायाम वडिलांना आजपासूनच शिकवून घ्या, ऑपरेशन कुठल्याही पद्धतीने झालं तरी ते लागणारच आहेत.